एल्कसाठी .४४ मॅग्नम: घरी भरलेल्या काडतुसाच्या निवडीचं एक प्रकरण

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात शिकारीचे काही हंगाम ‘शॉर्ट-रेंज वेपन’ हंगाम म्हणून राखलेले असतात. लांब पल्ल्याची रायफल तिथे चालत नाही. धनुष्यबाण, क्रॉसबो, तोंडाकडून भरायची बंदूक, स्लग (एकच जाड गोळी) किंवा जाड छर्रे डागणारी शॉटगन आणि हँडगन अशी कमी पल्ल्याची हत्यारं चालतात. हँडगनलाही अट आहे. तिचं काडतूस सरळ भिंतीचं, म्हणजे तोंडाकडे एकदम अरुंद न होणारं, हवं आणि ते मुळात रायफलसाठी जन्माला आलेलं नसावं. अशाच एका हंगामाचा मादी एल्कचा (एल्क म्हणजे एक खूप मोठं हरीण) परवाना माझ्या एका स्नेह्यांच्या नावावर निघाला. साठी ओलांडलेले हे गृहस्थ उभ्या आयुष्यात रायफलनेच शिकार करत आले आहेत. रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांपासून होतं, पण मोठ्या जनावरावर त्यांनी ते कधी वापरलं नव्हतं.

हत्यार ठरलेलंच होतं: रुगर सुपर ब्लॅकहॉक, .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी, दुर्बीण नाही, साध्या साइट (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा). काडतुसं ते स्वतः भरतात आणि शिशाच्या गोळ्याही स्वतः ओततात. त्यामुळे दुकानात जाऊन एक डबा उचलला आणि काम झालं, असं होणार नव्हतं. पर्याय जितके जास्त, तितका घोळ जास्त. गोळ्या ओतायच्या कामात आणि वेगमापकावर मी त्यांच्या जोडीला असतो, म्हणून ही निवड पहिल्यापासून शेवटपर्यंत मला जवळून पाहता आली. ती नीट मांडून ठेवावी असं वाटलं, कारण या विषयावरच्या बहुतेक गप्पा गोळीपासून सुरू होतात आणि गोळीवरच संपतात. नेम धरणारा माणूस त्यात कुठेच नसतो.

पहिली निवड आणि तिची लक्षणं

स्नेह्यांनी आधीच एक भरणा पक्का केला होता: ३०० ग्रेनची, रुंद सपाट नाकाची, कडक मिश्रधातूची ओतीव गोळी आणि तिच्यामागे एच-११० ही बंदुकीची दारू, लोडिंगच्या पुस्तकात दिलेल्या कमाल मर्यादेला अगदी लागून. ३०० ग्रेन म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. वेगमापकावर ती सेकंदाला १,२८० फुटांच्या आगेमागे निघत होती. कागदावर हा उत्तम भरणा आहे. याहून मोठ्या जनावरांवरही लोक तो वापरतात, आणि एल्कच्या खांद्यातून आरपार जाणारी गोळी हवी असेल तर अनुभवी माणूस याच जातीच्या गोळीकडे बोट दाखवेल.

रेंजवर मात्र तीन गोष्टी खटकल्या. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून ५० यार्डांवर काढलेला पहिला गट (एकापाठोपाठच्या बारांच्या भोकांचा पुंजका) चांगला यायचा, दुसरा बरा, आणि तिसऱ्यापासून गोळ्या खाली नि डावीकडे पसरायला लागायच्या. स्नेही उजव्या हाताने नेमबाजी करतात. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जाऊ लागल्या की पहिला संशय नळीवर घ्यायचा नसतो, बोटावर घ्यायचा असतो. दुसरी गोष्ट अशी की पाच बार झाल्यावर सहावं काडतूस बाहेर काढून मोजलं, तर त्याची गोळी पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यातून, किंचित पुढे सरकलेली दिसायची. तिसरी म्हणजे नळीत, सुरुवातीच्या भागात, शिशाचा राखाडी थर धरत होता.

मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला होता: .४५४ कसूल घ्या. या काडतुसाचा कमाल दाब ६५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), .४४ मॅग्नमचा ३६,०००. ज्याला आहे तोच धक्का जड जातोय त्याच्या हातात त्याहून आडदांड हत्यार देण्याचा हा सल्ला मला मुळीच पटला नाही. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

ऊर्जेच्या आकड्यात काय नाही

गोंधळाचं मूळ ऊर्जेच्या तक्त्यात आहे. २४० ग्रेनची गोळी १,३५० फूट वेगाने निघाली तर नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा सुमारे ९७० फूट-पौंड होते. .३०-०६ रायफलची १८० ग्रेनची गोळी २,७०० फुटांवर २,९०० फूट-पौंडांच्या घरात जाते. रिव्हॉल्व्हर एक तृतीयांशावर थांबतं. रायफलवर हयात गेलेल्या माणसाला ही दरी दिसली की ती भरून काढायची घाई होते: आणखी दारू, आणखी वजन, आणखी वेग. पण .४४ मॅग्नममध्ये काहीही भरलं तरी ही दरी भरत नाही. आणि ती भरायची गरजही नाही, कारण दोन्ही गोळ्यांचं काम करण्याचं तंत्रच वेगळं आहे.

रायफलची वेगवान गोळी पसरते, तुकडे टाकते आणि आजूबाजूची ऊती इतक्या झपाट्याने ताणते की ती फाटते. हँडगनच्या वेगाला हे जवळजवळ घडत नाही. फुप्फुसासारखी लवचीक ऊती ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. शिल्लक राहतं ते गोळीने प्रत्यक्ष स्पर्श करून चिरडलेलं भोक. म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या शिकारीत विचारायचे प्रश्न दोनच: भोक किती रुंद, आणि ते किती लांबवर जातं. गोल नाकाची गोळी ऊतीला बाजूला सारत निसटते. सपाट नाकाची गोळी समोरचं सगळं चिरडत जाते आणि आतून सरळही चालते. म्हणून गोळीचं सपाट तोंड किती रुंद आहे याला तिच्या कॅलिबरइतकंच महत्त्व आहे. ही समज नवी नाही. पुढे आयडाहोतच साल्मन गावी राहिलेले बंदूक-लेखक एल्मर कीथ यांनी १९२० च्या दशकात .४४ स्पेशल या मॅग्नमच्या आधीच्या काडतुसासाठी २५० ग्रेनची जी गोळी आखली, तिचं तोंड सपाट आणि खांदा धारदार होता. तिचा साचा लायमन कंपनीच्या ४२९४२१ या क्रमांकाने आजही ओळखला जातो. त्या गोळीचा वेग त्यांनी १,२०० फुटांवर नेला होता. स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी १९५५ साली .४४ मॅग्नम आणलं त्यामागे याच भरण्याचा पाठपुरावा होता.

कीथ यांच्या बाबतीतली आणखी एक गोष्ट इथे आठवते. ४ जुलै १९२५ रोजी जड गोळीच्या भरण्याने त्यांच्या .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरचा वरचा भाग उडाला, आणि त्यानंतर ते जाड भिंतीच्या सिलिंडरच्या .४४ स्पेशलकडे वळले. एकेका हत्याराला त्याची मर्यादा असते ही गोष्ट ज्यांनी हा प्रांत घडवला त्यांनीही धातू फुटल्यावरच शिकून घेतली.

चार गोळ्या, एका रांगेत

आम्ही चार गोळ्या विचारात घेतल्या. पाचवीचा, म्हणजे बार्न्स कंपनीच्या २२५ ग्रेनच्या पूर्ण तांब्याच्या गोळीचा, विचार लवकर सोडला. वाईट म्हणून नव्हे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिसंविरहित गोळी सक्तीची आहे, आणि शिशाचे कण खाऊन गिधाडं-गरुड मरतात हे खरं असल्यामुळे तिकडच्या शिकाऱ्याने हीच घ्यावी. पण आयडाहोत तशी सक्ती नाही आणि स्नेह्यांचा सगळा सराव स्वतः ओतलेल्या शिशावर झालेला होता.

२४० ग्रेनची पोकळ नाकाची, तांब्याचं कवच असलेली गोळी दोन रूपांत होती: कारखान्याच्या तयार काडतुसात, आणि हॉर्नेडी कंपनीची एक्सटीपी गोळी घरी भरून. हरणासाठी ही गोळी मला मनापासून आवडते. ती पसरते, भोक रुंद करते, आणि हरणाची छाती अरुंद असल्याने पसरूनही पलीकडे निघते. एल्कची गोष्ट निराळी. प्रौढ मादी पाचशे पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वादोनशे किलो भरते. तिची छाती खोल, बरगड्या जाड, आणि ती जरा तिरकी उभी असली तर फुप्फुसापर्यंत पोचायच्या आधी गोळीला बरंच मांस आणि कधीकधी गवताने गच्च भरलेलं पोट ओलांडावं लागतं. पसरणारी गोळी रुंदी मिळवते ती खोली देऊन. भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात आम्ही चाचणी घेतली, तेव्हा पोकळ नाकाची गोळी सुंदर उमलली, पण ओतीव गोळीच्या निम्म्या अंतराच्या आसपासच थांबली. ओला कागद म्हणजे एल्क नव्हे. पण दोन गोळ्यांची आपसात तुलना करायला तो पुरतो.

उरल्या दोन ओतीव गोळ्या: २५० ग्रेनची कीथ आणि ३०० ग्रेनची रुंद तोंडाची. गोळीच्या पौंडांतल्या वजनाला तिच्या इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागलं की जो आकडा येतो, त्यावरून तिच्या खोल जाण्याच्या ताकदीचा अंदाज बांधता येतो. .४४ म्हटलं तरी खरा व्यास ०.४२९ इंच असतो. त्या हिशेबाने २५० ग्रेनला ०.१९४ मिळतात आणि ३०० ग्रेनला ०.२३३. जड गोळी या बाबतीत सरळ पुढे आहे, यात वाद नाही. वाद आहे तो तिची किंमत कोण मोजतो याचा. गोळीचं वजन गुणिले वेग एवढंच पाहिलं, तर ३०० ग्रेन १,३०० फुटांवर आणि २५० ग्रेन १,२०० फुटांवर यांचं प्रमाण १.३ येतं. हत्यार तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा या प्रमाणाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास १.७ पट. शिवाय वेगवान भरण्यात जास्त दारू जळते, तिचा धक्का वेगळा. तीन पौंडांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा फरक मनगटाला आणि त्याहून जास्त डोक्याला कळतो.

हात काय सांगत होता

स्नेही मानायला तयार नव्हते. “मला धक्क्याचं काही वाटत नाही,” असं ते म्हणत, आणि ते खोटं बोलत नव्हते. दचकणं माणसाच्या लक्षात येत नाही, ते बार झाल्यावर धक्क्यात लपून जातं. ते उघडं करण्याचा जुना उपाय मी केला. त्यांची पाठ असताना सिलिंडरमध्ये खरी काडतुसं आणि वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या मिसळून भरल्या आणि रिव्हॉल्व्हर हातात दिलं. कोणत्या घरात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला तेव्हा बार झालाच नाही, आणि नळीचं तोंड ठळकपणे खाली डावीकडे झुकलं. ते स्वतः पाहत होते. त्यानंतर या मुद्द्यावर बोलायची गरज पडली नाही.

तोच प्रयोग २५० ग्रेनच्या, १,२०० फुटांच्या भरण्याबरोबर केला. पहिल्या काही फेऱ्यांत थोडी झुक होती, कारण शरीराला लागलेली सवय एका दिवसात सुटत नाही. पण सरावाने ती जवळजवळ गेली. ३०० ग्रेनच्या पूर्ण भरण्याबरोबर सराव करूनही ती गेली नाही. प्रत्येक बैठकीच्या शेवटी ती परत यायची.

इथे निवडीचा अर्धा भाग माझ्यापुरता ठरला होता. एल्कच्या छातीतला जीवनमरणाचा भाग चांगला मोठा असतो. तरी आम्ही हिशेब आठ इंची कागदी ताटलीवर केला, कारण डोंगरात धाप लागलेली असते, उजेड कमी असतो आणि जनावर स्थिर उभं राहत नाही. बसून, दोन काठ्यांच्या आधाराने, सगळ्याच्या सगळ्या गोळ्या ताटलीत पडतील ते अंतर म्हणजे शिकाऱ्याची हद्द. एखादी बाहेर गेली की हद्द ओलांडली. पूर्ण ताकदीच्या ३०० ग्रेनने त्यांची हद्द ४० यार्डांवर आली, २५० ग्रेनने ६० यार्डांवर. वीस यार्डांचा हा फरक दारूने नाही, माणसाने पाडलेला आहे. कोणत्याही तक्त्यात तो सापडणार नाही.

माझं मत आणि त्यांचा निर्णय

मला स्वतःला तिसरा मार्ग पसंत होता: ३०० ग्रेनचीच रुंद तोंडाची गोळी, पण १,१०० फुटांवर उतरवलेली. संवेग २५० ग्रेनच्या भरण्यापेक्षा दहा टक्क्यांनीच जास्त, आणि खोल जाण्याची ताकद मात्र जड गोळीची. कडक, न पसरणाऱ्या गोळीला शेवटचे दोनशे फूट वेग लागतोच असं नाही. तो वेग बहुतांशी गोळीचा मार्ग सपाट करण्यात खर्च होतो, आणि ६० यार्डांच्या आत त्याचा उपयोग थोडा.

स्नेह्यांनी ऐकलं, करून पाहिलं, आणि २५० ग्रेनची कीथ निवडली. त्यांची कारणं अशी. एक, रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळी वर लागते, कारण गोळी नळीत असतानाच धक्क्याने तोंड उचललं जायला लागतं, आणि हळू चालणारी जड गोळी नळीत जास्त वेळ असते. मागची साइट पुरेशी खाली करूनही ती गोळी त्यांना मनासारखी बसवता येईना. पुढची साइट बदलावी लागली असती आणि हंगाम तोंडावर होता. दोन, कीथच्या गोळीचे त्यांचे गट सातत्याने लहान येत होते. तीन, मादी एल्क, साठ यार्डांच्या आत, आडवी किंवा किंचित मागून तिरकी उभी असली तरच बार काढायचा, समोरून तिरकी असेल तर जाऊ द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जड गोळीची खरी गरज वाईट कोनातून लागते. वाईट कोनच नाकारला तर ती गरज उरत नाही. हा युक्तिवाद मला मान्य करावा लागला. अट एकच होती, त्या क्षणी तो निश्चय पाळला गेला पाहिजे.

भरण्यातले बारकावे

दारू बदलावी लागली. एच-११०, जी विंचेस्टर २९६ या नावानेही विकली जाते, ती कमी करून वापरायची दारू नव्हे. कमाल भरण्यापेक्षा तीन टक्क्यांहून खाली जाऊ नका असा ती विकणाऱ्या हॉजडन कंपनीचा इशारा आहे. पुंगळीत मोकळी जागा राहिली तर ती नीट पेटत नाही, आणि गोळी नळीत अडकण्यापर्यंत पाळी येऊ शकते. नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरा बार झाला तर काय होतं ते सांगायला नको. कीथ स्वतः ‘२४००’ नावाची दारू वापरत. ती मधल्या वेगांना चांगली वागते, म्हणून तीच घेतली. किती ग्रेन दारू टाकली हा आकडा मी मुद्दाम देत नाही. तो चालू आवृत्तीच्या लोडिंग पुस्तकातून, त्यात दिलेल्या गोळी-प्राइमर (प्राइमर म्हणजे दारू पेटवणारी टोपी) जोडीसकट घ्यावा, किमानापासून सुरू करावा आणि पायरीपायरीने वर जावं. प्राइमर बदलला तर पुन्हा खालून सुरुवात.

शिशाचा थर का धरत होता याचं उत्तर मापात निघालं. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून बाहेर काढला आणि मायक्रोमीटरने मोजला: नळीतल्या खाचांचा व्यास ०.४२९५ इंच. सिलिंडरच्या सहाही घरांची तोंडं ०.४३१५ च्या जवळपास. आणि जड गोळ्या ०.४२९ ला साइझ केलेल्या, म्हणजे दाबून त्या व्यासाला आणलेल्या, होत्या. गोळी सिलिंडरच्या तोंडापेक्षा लहान असली की जळता वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं वितळवतो आणि ते नळीच्या सुरुवातीला चिकटतं. बहुतेक लोक अशा वेळी गोळी आणखी कडक करतात. मापच चुकलेलं असेल तर कडकपणाने भागत नाही, उलट बिघडतं, कारण मऊ गोळी दाबाने थोडी फुगून फट बुजवते तेही कडक गोळीला जमत नाही. नव्या गोळ्या ०.४३१ ला साइझ केल्या. नळी जवळपास स्वच्छ राहू लागली आणि गटही आवळले.

मिश्रधातू म्हणून गाड्यांच्या चाकांची जुनी शिशाची वजनं वितळवली आणि त्यात दोन टक्क्यांच्या आसपास कथील घातलं. कथिलाने धातू साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरतो आणि कीथच्या गोळीचा धारदार खांदा स्वच्छ उतरतो. ब्रिनेल कडकपणा बारा-तेराच्या घरात आला. १,२०० फुटांना तो पुरेसा आहे. छपाईच्या लायनोटाइप धातूसारखा बाविसाचा कडकपणा शिकारीच्या गोळीला मी देणार नाही. हाडावर आदळून अशी गोळी वाकण्याऐवजी फुटू शकते.

आता त्या पुढे सरकणाऱ्या गोळीबद्दल. यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. बार होतो तेव्हा रिव्हॉल्व्हर मागे येतं, पण उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्यांना जागच्या जागी राहायचं असतं. पुंगळ्या मागे ओढल्या जातात आणि पकड सैल असेल तर गोळी थोडी बाहेर येते. दर बाराला थोडी. अखेर तिचं नाक सिलिंडरच्या बाहेर डोकावतं, नळीच्या मागच्या कडेला अडतं आणि सिलिंडर फिरेनासा होतो. जखमी जनावर समोर असताना हत्यार असं कुलूपबंद होणं याहून वाईट प्रसंग या शिकारीत नाही.

फक्त क्रिम्प आवळून हे सुटत नाही. क्रिम्प म्हणजे पुंगळीची तोंडाशी असलेली वळलेली कड, ती शेवटचा अडसर आहे, खरी पकड पुंगळीच्या भिंतीच्या ताणाची. स्नेह्यांचा पुंगळीचं तोंड रुंदावणारा डाय (साचा) ओतीव गोळीसाठी घेतलेला होता आणि पुंगळी गरजेपेक्षा जास्त सैल करत होता. थोडा बारीक डाय घेतला. सगळ्या पुंगळ्या एका लांबीला कापल्या, कारण लांबी कमीजास्त असली की क्रिम्पही कमीजास्त बसतो. गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं या दोन क्रिया वेगळ्या केल्या. एकाच झटक्यात केल्या तर गोळी अजून खाली जात असतानाच कड तिच्यात रुतते. क्रिम्प गोळीच्या ठरलेल्या खाचेत, जोरदार, गोलवळा. मग पाच बार काढून सहावं काडतूस मोजायचं, तेच पुन्हा सिलिंडरमध्ये ठेवून आणखी पाच. लांबी हलली नाही.

कीथची गोळी तिच्या खाचेत क्रिम्प केली की काडतुसाची एकूण लांबी .४४ मॅग्नमसाठी ठरलेल्या १.६१० इंचांच्या वर जाते. रुगरच्या सिलिंडरमध्ये ती मावते. दुसऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये मावेलच असं धरून चालू नये. हंगामासाठी वेगळी काढलेली सगळी काडतुसं एकेक करून सहाही घरांत टाकून पाहिली. हे काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा कोणी ते आपल्यासाठी करत नाही.

साइट ५० यार्डांवर बसवल्या. या भरण्याची गोळी १०० यार्डांवर साधारण सात इंच खाली लागते, म्हणजे ६० च्या आत नेम उचलायची गरज नाही. पहाटेच्या थंडीत एकदा वेग तपासून घेतला. उन्हाळ्यापेक्षा थोडा कमी भरला, गट तसाच राहिला. नियम पुन्हा वाचले. काही राज्यांत पसरणारीच गोळी लागते, काही ठिकाणी किमान ऊर्जेची किंवा नळीच्या लांबीची अट असते. दुसऱ्या राज्यातला वाचक असेल तर त्याने मात्र गोळ्या ओतायच्या आधी नियमांचं पुस्तक उघडावं. आणि कानांसाठी इलेक्ट्रॉनिक मफ, जे पावलांचा आवाज ऐकू देतात आणि बाराचा अडवतात. साडेसात इंची नळीतून सुटलेला .४४ मॅग्नमचा उघड्या कानाने ऐकलेला एक बारही कायमचं नुकसान करू शकतो. शिकारीत एकच तर बार काढायचाय, असं म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात, याचं मला वाईट वाटतं.

डोंगरात

थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा कळप दिसला तो ९० यार्डांच्या पलीकडे, उघड्यावर, आडवा उभा. रायफलवाल्याला तो बार सोपा होता. स्नेह्यांनी हत्यार म्यानातून काढलंही नाही. पुढे दुसऱ्या दिवशी, लॉजपोल पाइन झाडांच्या गर्दीत, वाऱ्याची दिशा सांभाळत बसलेले असताना दोन माद्या खालच्या बाजूने चढून आल्या. पहिली समोरून तिरकी होती. तिला जाऊ दिलं. दुसरी चाळीसेक यार्डांवर थांबली, जवळजवळ आडवी, किंचित मागून तिरकी. काठ्यांवर आधार होता. एक बार.

ती दचकली, पळाली, आणि सत्तर-एक यार्डांवर पडली. पुन्हा गोळी घालावी लागली नाही.

सोलताना आम्ही गोळीची वाट नीट पाहिली. शेवटच्या बरगड्यांच्या थोडं पुढून आत, दोन्ही फुप्फुसांतून, पलीकडच्या खांद्याच्या मागून बाहेर. एक बरगडी आत जाताना मोडलेली. फुप्फुसांतलं भोक गोळीच्या व्यासापेक्षा स्पष्टपणे मोठं होतं, अंगठा सहज जाईल एवढं. आजूबाजूचं मांस रायफलच्या गोळीने होतं तसं काळंनिळं झालेलं नव्हतं, जखमेच्या अगदी कडेपर्यंतचं खाण्याजोगं होतं. गोळी सापडली नाही. ती पलीकडच्या उतारात कुठेतरी गेली, आणि ती आरपार गेली यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता: दोन भोकं असली की रक्ताचा माग लागतो.

या एका बाराने काय सिद्ध झालं नाही, तेही नोंदवायला हवं. खांद्याच्या जाड हाडावर या गोळीची परीक्षा झाली नाही. नर एल्क असता, कोन वाईट असता आणि मोह आवरला नसता, तर २५० ग्रेन पुरली असती का, याचं उत्तर या प्रकरणात नाही. माझ्या मते तिथे ३०० ग्रेनच्या संथ भरण्याला पर्याय नाही, आणि मी अजून त्याच मतावर आहे. स्नेह्यांनी पुढच्या हंगामाआधी पुढची उंच साइट मागवली आहे, म्हणजे ती गोळी ५० यार्डांवर बसवता येईल. पण ताटलीची कसोटी तिलाही लागू आहे. सगळ्या गोळ्या आत पडल्या नाहीत, तर कीथच जाईल. दारूचा नवा डबा उघडला आहे आणि त्याचा लॉट क्रमांक वेगळा आहे, म्हणून तिचा भरणाही आता खालच्या पायरीपासून पुन्हा वेगमापकावर तपासायचा आहे.